डॉल्बीच्या भिंतीपुढे लेकरू नेऊ नका

देवळाली कॅम्पकरांनो, विसर्जन तोंडावर आले आहे. ज्या मंडळांनी डॉल्बीची सुपारी दिली असेल, त्यांनी ती आजच परत घ्यावी. बुडाला तर विसार बुडेल, कान तरी शाबूत राहतील.

तोफांचा आवाज आपल्याला नवा नाही. रेंजवरचा धडाका घरात बसून ऐकतच आपण वाढलो. पण तोफेजवळचा जवान कान झाकूनच उभा राहतो. आपण मात्र पोराला खांद्यावर बसवून थेट स्पीकरसमोर नाचतो!

आत काय घडते ते बघा. आवाजाने पडदा हलतो, त्यामागची तीन हाडे तो धक्का पुढे नेतात. शेवटचे रिकिबीच्या आकाराचे हाड जेमतेम ३ मिलिमीटरचे. ते आतल्या शंखाकृती नळीतला द्रव हलवते आणि तिथल्या केसपेशी मेंदूकडे संदेश धाडतात. एका कानात त्या जन्मतः सुमारे १५ हजार. मेलेली केसपेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. मोठा आवाज आला की एक चिमुकला स्नायू त्या रिकिबीला आवळून धरतो खरा. पण तो आवळेपर्यंत सुतळी बॉम्ब फुटून गेलेला असतो.

८५ डेसिबल आवाज आठ तास सोसवतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतो पाव तास. आपली मिरवणूक किती तास चालते?

ढोलताशाही काही कमी नाही. वादकांनी इअरप्लग घालावेत, नुसत्या कापसाने भागत नाही. तान्ही बाळे, गरोदर बाया आणि म्हातारी माणसे यांना लॅम रोड, हौसन रोडवरच्या गर्दीत स्पीकरजवळ नेऊ नका. दवाखान्यापासून १०० मीटरच्या आत वाद्ये बंद ठेवा, तो शांतता क्षेत्राचा कायदाच आहे. कोणी ऐकेनासे झाले तर ११२ वर फोन करा. भांडत बसू नका.

दुसऱ्या दिवशीही कानात कुई वाजत राहिली तर कान तपासून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर ‘दडा बसलाय, सुटेल’ म्हणत थांबू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. अशा बहिरेपणावरचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त लागू पडतात. आणि कोमट तेल तर मुळीच सोडू नका. पडदा फाटला असेल तर ते थेट मधल्या कानात उतरते.