सौदा मोडला, कोर्टात आपणच उभे राहायचे?



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणतात. पण समोरच्याने शब्द मोडला, की शहाण्यालाही ती चढावी लागते. वकिलाची फी झेपत नसेल, तर आपला दावा आपण स्वतः चालवू शकता. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी मुभा आहे. मात्र ती पक्षकारापुरतीच. शिकलेल्या पुतण्याने तुमच्या वतीने बोलायचे, तर कोर्टाची परवानगी लागते.

समजा, तुम्ही सांगोल्याकडचे. डाळिंबाची बाग परगावच्या व्यापाऱ्याला ९० रुपये किलोने ठरवून दिली, ५० हजार इसार घेतला. पुढे भाव उतरले आणि व्यापारी तोडणीला फिरकलाच नाही. कागद झाला नाही म्हणून हातपाय गाळू नका. तोंडी करारही करारच असतो. अवघड असते ते त्याला शाबीत करणे.

पहिली गोष्ट, फळ झाडावर सडू देऊ नका. १८७२ च्या करार कायद्याचे ७३ वे कलम भरपाई देते, पण टाळता येण्याजोगे नुकसान तुम्ही टाळले का, हेही पाहते. रास्त भावाने माल विका आणि पट्टी जपून ठेवा. ८ टन माल ६० रुपयांनी गेला, तर किलोमागे ३० रुपयांप्रमाणे तूट २ लाख ४० हजारांची. इसार वजा जाता मागणी १ लाख ९० हजारांची. ‘माझे वाटोळे झाले’ हे खरे असेल, पण हुकूमनामा होतो तो अशा हिशेबावर.

दुसरी गोष्ट मुदतीची. करार मोडल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. ‘आज देतो, उद्या देतो’ यात ती निघून जाते. पोहोच मिळेल अशा टपालाने आधी नोटीस पाठवा. व्यापारी परगावचा असला, तरी सौदा जिथे झाला तिथल्या कोर्टात दावा लावता येतो.

तिसरी गोष्ट पुराव्याची. इसाराची बँकेतली नोंद, पट्टी, सौद्याला हजर असलेला शेजारी, हे सारे कामाला येते. मोबाइलवरचे निरोप पुसू नका. ते दाखल करताना २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. उलटतपासणीत विचारले तेवढेच सांगा. राग घरी ठेवून जा.

दावा तुमच्यावरच झाला असेल, तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्या. एकेक मुद्दा स्पष्ट नाकारा. न नाकारलेली गोष्ट कबूल धरली जाऊ शकते. तारखेला गैरहजर राहिलात, तर निकाल एकतर्फी लागू शकतो.

एकट्याने उभे राहण्याआधी सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीत एक खेप घाला. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पक्षकारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना कमी उत्पन्न असल्यास मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली, तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि त्या निवाड्यावर अपील नसते.

आणि यंदा बाग देताना वहीचे एक पान फाडा. भाव, अंदाजे वजन, तोडणीची तारीख, इसार लिहा. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. चहा निवायच्या आत हे काम होते.