विश्लेषण : बायबल एकच, मग समलैंगिकतेवर चर्चमध्ये एकमत का नाही?

मालाड पश्चिमेला ऑर्लेम, खारोडी, मालवणी, मार्वे या पट्ट्यात ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. ईस्ट इंडियन, गोवन, मंगळुरी कुटुंबे, कॅथलिक चर्च आणि त्यांच्या आसपास प्रोटेस्टंट व पेंटेकॉस्टल प्रार्थनासभा असा इथला नकाशा. या सगळ्यांच्या हाती धर्मग्रंथ एकच. तरीही ‘समलिंगी व्यक्तीला चर्चमध्ये जागा आहे का’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक दारात वेगळे मिळते. असे का होते, हे समजून घेऊ.

वाद कोणत्या वचनांवरून आहे?

बायबल हा मोठा ग्रंथ असला तरी हा वाद मोजक्या उताऱ्यांभोवती फिरतो. उत्पत्तीच्या १९व्या अध्यायातील सदोम नगरीचा नाश, लेवीयच्या १८व्या आणि २०व्या अध्यायातील मनाई आणि पौलाची रोमकरांस, करिंथकरांस व तीमथ्याला लिहिलेली पत्रे. चारही शुभवर्तमानांत येशू ख्रिस्ताने या विषयावर थेट काही म्हटल्याची नोंद नाही.

परंपरावादी काय म्हणतात?

देवाने स्त्री-पुरुष निर्माण केले आणि विवाह त्या दोघांसाठी ठरवला, असे उत्पत्ती सांगते. मत्तयाच्या १९व्या अध्यायात घटस्फोटाबद्दल बोलताना येशूने याच वचनाचा आधार घेतला. त्यामुळे शुभवर्तमानांतील मौनाचा अर्थ संमती असा घेता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

लेवीय ग्रंथ कोळंबी आणि खेकडेही वर्ज्य मानतो, मग मार्वे-मनोरीच्या स्वयंपाकघरांचे काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्यालाही त्यांच्याकडे उत्तर आहे. खाण्यापिण्याचे नियम नव्या करारात मागे पडले. लैंगिक वर्तनाचे नियम पौलाने पुन्हा सांगितले.

वेगळा अर्थ लावणारे काय म्हणतात?

सदोमचा गुन्हा कोणता, हे बायबलच दुसरीकडे सांगते. यहेज्केलच्या १६व्या अध्यायात गर्व, सुखासीनता आणि गरिबांकडे केलेले दुर्लक्ष ही सदोमची पापे म्हणून येतात. व्हॅटिकनच्या बायबल आयोगानेही २०१९च्या दस्तावेजात ही कथा प्रामुख्याने परक्यांवरील अत्याचाराची असल्याचे म्हटले.

दुसरा मुद्दा भाषांतराचा. करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात पौल ‘मालाकोई’ आणि ‘आर्सेनोकोइताई’ हे ग्रीक शब्द वापरतो. पहिल्याचा शब्दशः अर्थ ‘मऊ’. दुसरा शब्द पौलाच्या आधीच्या लेखनात आढळत नाही. इंग्रजी बायबलमध्ये या ठिकाणी ‘होमोसेक्शुअल्स’ हा शब्द प्रथम आला तो १९४६ साली. पौलापुढे शोषणाचे संबंध होते की दोन प्रौढांचे निष्ठेचे सहजीवन, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका काय?

१९९२च्या ‘कॅटेकिझम’मध्ये दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. समलिंगी कृती नैतिकदृष्ट्या चूक आहे आणि समलिंगी व्यक्तींनी ब्रह्मचर्य पाळावे, ही एक. त्या व्यक्तींना आदराने, करुणेने वागवावे, त्यांच्याशी अन्यायकारक भेदभाव करू नये, ही दुसरी. डिसेंबर २०२३मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने निघालेल्या दस्तावेजाने समलिंगी जोडप्यांना विधीबाहेर साधा आशीर्वाद देण्याची मुभा दिली. विवाहाची व्याख्या मात्र बदलली नाही. आफ्रिकेतील बिशपांनी तेवढेही मान्य करण्यास नकार दिला.

मुंबईत काय घडले?

११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवले. त्यानंतर मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी चर्च समलिंगी विवाहाच्या विरोधात असले तरी समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानत नाही, अशी भूमिका घेतली. दुसरीकडे, अपोस्टोलिक चर्चेसची संघटना आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल यांनी न्यायालयात हे कलम टिकावे अशी बाजू मांडली होती. म्हणजे ‘ख्रिस्ती समाजाचे मत’ नावाची एकच गोष्ट तेव्हाही नव्हती.

६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला.

याचा सामान्य कुटुंबाशी संबंध काय?

संबंध थेट आहे. मुलाने किंवा मुलीने घरी खरे सांगितले की अनेक आईवडील आधी फादरकडे किंवा पास्टरकडे धाव घेतात. तिथे मिळणारे पहिले वाक्य त्या घराची पुढची वाट ठरवू शकते. ‘प्रार्थनेने बरे होईल’ हे त्यातले सर्वांत घातक वाक्य आहे, कारण हा आजारच नाही. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१८मध्ये ते स्पष्ट केले आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१च्या आदेशानंतर, २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने लैंगिक कल बदलण्याचे ‘उपचार’ हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. डॉक्टरला जे करण्यास मनाई आहे, ते प्रार्थनासभेत केल्याने निर्धोक होत नाही.

मग मार्ग कोणता?

वचनांचा अर्थ लावण्याचा वाद लवकर मिटणार नाही. तो मिटेपर्यंत थांबण्याची गरजही नाही. गुलामगिरीचे समर्थन करणारेही एकेकाळी पौलाचीच पत्रे पुढे करत. अर्थ बदलायला पिढ्या गेल्या, पण माणसांनी त्या काळात जे सोसले त्याची भरपाई झाली नाही.

विवाहाचा संस्कार कोणाला द्यायचा, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक चर्चला आहे आणि ते राहावे. पण प्रवचनातून टिंगल न करणे, क्वायरमधून किंवा युवा गटातून कोणाला बाजूला न काढणे, घाबरलेल्या आईवडिलांना ‘मुलाला घराबाहेर काढू नका’ असे ठामपणे सांगणे, यासाठी व्हॅटिकनच्या नव्या दस्तावेजाची वाट पाहावी लागत नाही. परंपरावाद्यांना मान्य असलेल्या ‘कॅटेकिझम’मध्येही आदराचा आदेश लिहिलेलाच आहे. मनाईचे वाक्य पाठ आणि त्याच्या शेजारचे आदराचे वाक्य विस्मरणात, असे होत असेल तर दोष ग्रंथाचा नाही, वाचणाऱ्यांचा आहे.