नाथसागरावरचा वाटाड्या

पर्यटकाला गळाने मासेमारी घडवून आणणे हा अमेरिकेत परवान्याने बांधलेला व्यवसाय आहे. अनेक राज्ये अशा मार्गदर्शकाकडे स्वतंत्र परवाना मागतात. छत्रपती संभाजीनगरात ‘गाईड’ म्हटले की वेरूळ-अजिंठ्याची लेणी समजावून देणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. परंतु याच जिल्ह्यात पैठणला, गोदावरीवरील जायकवाडी धरणामागे, १९७६ पासून नाथसागर पसरलेला आहे, आणि तेथे मासेमारीचा वाटाड्या उभा राहायचा तर त्याची पात्रता ठरवणे लेण्यांच्या गाईडपेक्षा कितीतरी अवघड आहे.

कारण पहिली अट कायद्याची आहे. हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीशिवाय वन्यजीवांना हात लावता येत नाही. मासा गळाला लावून लगेच पाण्यात सोडला तर बिघडले कुठे, असा शौकिनांचा युक्तिवाद असतो. पण कर्नाटकातील कावेरी अभयारण्यात महसीर मासा असाच पकडून सोडणारी प्रसिद्ध शिबिरेही अखेर कायद्याच्या आक्षेपावरच बंद झाली. परवाना न मागता येथे मासे पकडतो तो फक्त पाणकावळा.

दुसरी पात्रता पाण्याची, आणि ती कोणत्याही प्रमाणपत्रात मावत नाही. नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब, पण पसरट आणि बराचसा उथळ असल्यामुळे वारा सुटला की थोड्या वेळात लाटा उठतात. फुगवटा, म्हणजे धरणामुळे मागे साचलेले पाणी, उन्हाळ्यात ओसरला की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते, म्हणजे गाळातच पिके घेतली जातात, आणि पाणी पुन्हा चढले की बुडीत गावांच्या जुन्या खुणा कोठे होडीला अडतील, मरळ कोणत्या गवतात दडेल, पहिल्या पुरात मासे प्रवाहाविरुद्ध कोठून चढतील, हे येथील भोई मच्छीमार नकाशाशिवाय सांगतो. ज्याच्याकडे हे ज्ञान आहे त्याच्याच उपजीविकेचा अभयारण्याच्या नियमांशी जुना झगडा आहे, ही यातली खरी विसंगती.

ग्राहकाची अपेक्षा बहुधा एकच असते: मासा. तोही कोणी छायाचित्रासाठी मागतो, कोणी कालवणासाठी, आणि दोघेही पैसे मोजले म्हणजे मासा आपल्या नावावर झाला असे धरून चालतात. हमी द्यायची तर ती जीवरक्षक जाकिटाची, ठरलेल्या वेळेची आणि सुखरूप परतीची देता येते. माशाची हमी देणारा मार्गदर्शक कोणत्याही पाण्यावर संशयास्पदच. नाथसागरावर तर कायद्यात बसणारे काम पक्षी दाखवण्याचे आहे, आणि हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, कोणत्या उथळ चिखलात उतरतील हे सांगायलाही पाण्याची तीच जाण लागते. वारा फिरला तर होडी अर्ध्यातून परत येईल आणि पैसे परत मिळणार नाहीत, एवढे मात्र काठ सोडण्यापूर्वी बोलून घेतलेले बरे.