नाव संस्थेचे, पण उतारा कोणाच्या नावावर?

गोव्यातल्या मराठी संस्थांच्या कार्यकारिणीवर बसलेल्या प्रत्येकाला आज एक साधा प्रश्न विचारायचा आहे. तुमच्या संस्थेच्या संकेतस्थळाचा जो पत्ता आहे, तो 'अमुकतमुक डॉट ऑर्ग' किंवा 'डॉट कॉम', तो कोणाच्या नावावर आहे? अध्यक्ष चिटणीसांकडे बघतील, चिटणीस खजिनदारांकडे, आणि खजिनदार म्हणतील, "ते आमचा वेबसाइटवाला बघतो." जिथे जिथे विचारले तिथे जवळजवळ हेच उत्तर मिळाले. म्हणून आज थोडे कडक लिहिणार आहे. राग आला तर यावा!

मी सरकारी कारकून. वीस वर्षे नोंदी चाळण्यात गेली. घर कोणी बांधले, रंग कोणी काढला, माड कोणी लावले हे कचेरीत सगळे सांगतात, पण शेवटी पहिला प्रश्न येतो तो एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव कोणाचे, हाच. डोमेनचेही नेमके तसेच आहे.

आधी व्यवस्था समजून घेऊ. आपल्याला नावे लक्षात राहतात, संगणकांचे व्यवहार मात्र आकड्यांवर चालतात. कुठले नाव म्हणजे कुठला आकडा, हे सांगणारी एक जगभर पसरलेली वही आहे. तिच्या सर्वांत वरच्या पानाचा कारभार 'आयकॅन' ही १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली, नफ्यासाठी नसलेली संस्था बघते. तिच्यावर अमेरिकन सरकारची जी करारी देखरेख होती, ती ऑक्टोबर २०१६ मध्ये संपली. तिच्याखाली प्रत्येक शेपटाचा एक वहीदार. 'डॉट कॉम'ची वही व्हेरिसाइन कंपनीकडे, आपल्या 'डॉट इन'ची २००५ पासून 'निक्सी'कडे. त्यांच्याखाली गिऱ्हाइकांना नावे देणारे रजिस्ट्रार, आणि सगळ्यांत खाली नाव घेणारे आपण.

आता खरी मेख. आपण म्हणतो 'डोमेन विकत घेतले'. कोणीही विकत घेत नाही! एक ते दहा वर्षांच्या भाड्याने घेतो. म्हणजे भाटकाराच्या भाटात आपण मुंडकार. फरक इतकाच, की खऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याचे संरक्षण आहे, इथे तसले काही नाही. भाडे थकले की घर गेले. 'डॉट कॉम'चे नाव मुदत संपली म्हणून दुसऱ्या दिवशी जात नाही, हे खरे. रजिस्ट्रार काही दिवस थांबतो, त्याने नाव वहीतून काढले तरी ते दंड भरून सोडवायला तीस दिवस मिळतात, मग पाच दिवसांनी ते कोणालाही घ्यायला मोकळे होते. जुन्या, नावाजलेल्या पत्त्यांची तर पावणीच लागते. मुदतीआधी आठवणपत्रेही येतात. पण कोणाला? नोंदीत ज्याचा ईमेल, त्याला. सगळे रामायण इथेच घडते.

माझ्या माहितीतल्या एका जुन्या संस्थेचे (नाव सांगत नाही) असेच झाले. एका हौशी मुलाने फुकट संकेतस्थळ करून दिले, नाव स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घेतले. पुढे तो नोकरीसाठी आखातात गेला, तो ईमेल बंद पडला. आज तो पत्ता उघडला की जुगाराची जाहिरात दिसते. आणि तोच पत्ता स्मरणिकेवर, निमंत्रणपत्रिकांवर, वाचनालयाच्या शिक्क्यावर छापलेला! दोष त्या मुलाचा? मुळीच नाही. त्याने काम केले. दोष त्या समितीचा, जिने इतक्या वर्षांत या विषयावर एक ओळीचा ठरावसुद्धा केला नाही.

चूक कोणाकडूनही होते. १९९९ च्या नाताळात खुद्द मायक्रोसॉफ्ट 'पासपोर्ट डॉट कॉम' या नावाचे पैसे भरायला विसरली आणि असंख्य लोकांचे हॉटमेल अडले. शेवटी एका परक्या माणसाने पदरचे ३५ डॉलर भरून ते सोडवले. आपल्या नाट्यमंडळासाठी असा देवमाणूस धावून येईल, या भरवशावर राहू नका.

काही जण म्हणतात, "आम्ही फेसबुकवर आहोत, डोमेन हवे कशाला?" जिओसिटीजवर घरे बांधणारेही असेच निश्चिंत होते. २००९ मध्ये याहूने ते बंद केले. ऑर्कुट २०१४ मध्ये गेले. दुसऱ्याच्या ओसरीवर गप्पा माराव्यात, दप्तर ठेवू नये. स्वतःचे नाव असले तर आतले सामान कुठेही हलवता येते, वाचक त्याच दारावर येतो.

दुसरे म्हणतात, "मग सरकारने सांभाळावे." सरकारने करायचे ते थोडेफार केले आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीत 'डॉट भारत' सुरू झाले. त्यात मराठी आणि कोंकणी एकाच छपराखाली आहेत, आणि गंमत म्हणजे हे नागरी नाव तारेतून जाते ते रोमी अक्षरांच्या वेशात! सगळ्या ठिकाणी ते अजून सुरळीत चालत नाही, हेही खरे. पण आपल्या कपाटाची किल्ली सरकारने कशाला सांभाळावी?

आणि खाजगी भांडवलाच्या हवाली करून चालते का? 'डॉट ऑर्ग'ची गोष्ट ऐका. जगभरच्या सेवाभावी संस्थांचे हे शेपूट सांभाळणारी संस्था २०१९ मध्ये एथॉस कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला ११३.५ कोटी डॉलरला विकण्याचा घाट घातला गेला. भाड्यावरची मर्यादा त्याच वर्षी उठवलेली होती. जगातल्या संस्थांनी ओरड केली, कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलने हरकत घेतली, आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने परवानगी नाकारली. वही जाब देणाऱ्या संस्थेकडेच हवी, आणि जाब विचारणारेही जागे हवेत. आपल्यापैकी कितीजणांना हे तेव्हा कळले?

आपण १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून मराठीच्या स्थानासाठी भांडतो आहोत. मीही मोर्चात चाललो आहे, त्याचा पश्चात्ताप नाही. पण सरकार दरबारी मराठीचे नाव लागावे म्हणून घसा कोरडा करणाऱ्या संस्थेला स्वतःचे नाव वर्षाला हजार-दीड हजार भरून राखता येत नसेल, तर ती मागणी कोणत्या तोंडाने करायची? पुढे कोणी गोव्यातल्या मराठीचा इतिहास शोधू लागला, तर त्याला काय सापडणार? रमीची जाहिरात?

उपाय अवघड नाही. नोंदीत मालक म्हणून संस्थेचे नाव हवे, वेबसाइटवाल्याचे नको. त्याने काम करावे, पैसे घ्यावेत, उतारा आपल्याकडे ठेवावा. ईमेल संस्थेच्या पदाचा हवा, आणि तो त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर घर गेले की टपालपेटीही गेली. पासवर्ड निदान दोन पदाधिकाऱ्यांकडे. समिती बदलली की कपाटाच्या किल्ल्या आणि पासबुकाबरोबर तोही चार्जमध्ये द्यावा. शक्य तितक्या वर्षांचे भाडे एकदम भरावे आणि मुदतीची तारीख दरवर्षी अहवालात छापावी. देवस्थानाच्या दागिन्यांची यादी आपण महाजनांपुढे ठेवतो ना? मग नावाची का नाही?

पुढच्या सर्वसाधारण सभेत चहा-भजी येण्यापूर्वी एका तरी सभासदाने उठून हा प्रश्न विचारावा. उत्तर "तो बघतो" असे आले, तर खाली बसू नये.