लोकल हवी, पण कोणाच्या सोयीची?

नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक व भंडारा रोडपर्यंत रेल्वेच्याच रुळांवरून ब्रॉडगेज मेट्रो चालवण्याचा करार जुलै 2018 मध्ये झाला. रूळ आहेत, खरा प्रश्न कारभाराचा आहे. वर्धा-नरखेड मार्ग मध्य रेल्वेकडे, मुख्यालय मुंबई. रामटेक-भंडारा मार्ग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे, मुख्यालय बिलासपूर. मालगाडीसाठी लोकल थांबवून ठेवली, तर कामठीचा विणकर इतवारीच्या बाजारात वेळेवर कसा पोहोचणार? म्हणून वेळापत्रक ठरवणारी एकच समिती हवी आणि तीत व्यापारी-कारागिरांचा प्रतिनिधी हवा. गठ्ठा ठेवायला जागा आणि परवडणारा पास, या मागण्या आपल्या संघटनांनी आताच लेखी द्याव्यात. गाडी सुटल्यावर हात दाखवून काय उपयोग?