दोन दिवसांची मुंबई आणि आजोबांचे इन्सुलिन

शनिवार-रविवारची मुंबई आखताना कुटुंबे स्थळांची यादी करतात. जेवणाच्या वेळांची करीत नाहीत. घरात इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारे कोणी असेल, तर आखणी तेथूनच सुरू करावी.

घारापुरीचेच पाहा. गेटवेहून लाँचने सुमारे तासभर, मग धक्क्यावरची चाल आणि लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या. सकाळी औषध घेतलेले आजोबा परत येईतो दुपार टळते. श्रम वाढलेले, जेवण लांबलेले. रक्तातील साखर उतरण्यास आणखी काय हवे? दरदरून घाम सुटतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते. मुंबईच्या दमट हवेत हा घाम ‘उकाड्याचा’ म्हणून सोडून दिला जातो, आणि खरा धोका तोच. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. १५ मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्यावी, आणि बरे वाटताच जेवू घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

साखरेची पुडी आजोबांच्याच खिशात असावी, बॅगेच्या तळाशी नव्हे. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. त्या दिवशीच्या मात्रेविषयी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. परस्पर बदल करू नये.

रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, तो पाहूनच निघावे. मुक्काम वाढलाच, तर सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. मरीन ड्राइव्हला मात्र पायऱ्या नाहीत. तेथे आजोबांना संध्याकाळी हवे तितके बसू द्यावे.