गावनमुना बाविसावा

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर खर्डी मागे पडले की उंबरमाळी हे लहानसे स्थानक येते. भोवती डोंगर, भातखाचरे आणि विखुरलेले पाडे. शहापूर तालुक्यातील या पट्ट्याची आणि शेजारच्या मुरबाड तालुक्याची ओळख शहरी वाचकाला फार तर पावसाळी सहलीपुरती असते. परंतु गेली दीडशेहून अधिक वर्षे या मुलखाची माती सतत उपसली जात आहे. १८६१ साली लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत पोहोचला आणि १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीस गेला. १८९२ मध्ये तानसा धरणाचे पाणी मुंबईला मिळू लागले. पुढे वैतरणा आणि भातसा ही धरणे झाली. मुंबई-आग्रा रस्ता रुंद झाला, आणि २०२५ साली समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा याच तालुक्यातून वाहतुकीस खुला झाला. मुंबईची तहान आणि मुंबईची घाई भागविण्यासाठी येथील जमीन पुन्हा पुन्हा खणली गेली.

या खणण्यातून वर काय आले, हा प्रश्न मात्र गावाच्या दप्तराला कधी पडलाच नाही. महसुली दप्तराचे एकवीस गावनमुने आहेत. जमीन कोणाची, तिच्यात काय पिकले, सारा किती, फेरफार कोणता, हे त्यांत लिहिले जाते. गावची माणसे व गुरे तेराव्या नमुन्यात येतात आणि टपालाच्या तिकिटांचा हिशेब विसाव्यात असतो. नांगराच्या फाळाला लागलेले नाणे, विहीर खणताना निघालेला रांजण, बांधाशी उभा असलेला कोरीव दगड यांच्यासाठी एकही नमुना नाही. हा केवळ कारकुनी दोष समजून सोडून द्यावा असा प्रकार नव्हे. जुन्या वस्तूंविषयी शासनाची आणि समाजाची जी समजूत आहे, तिचेच ते प्रतिबिंब होय.

या मुलखाला इतिहास नाही, असे कोणी म्हणू नये. एका अंगाला थळ घाट आणि दुसऱ्या अंगाला नाणेघाट, अशा दोन प्राचीन वाटांच्या मधला हा प्रदेश आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरणारा माल सह्याद्री ओलांडून देशावर जाई तो अशाच घाटांनी. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट जुन्नरकडे चढते. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापणे यांची मोजदाद त्यात आहे, आणि ती आकड्यांत आहे. भारतातील अंकलेखनाच्या अतिशय जुन्या नमुन्यांत या लेखाची गणना होते. म्हणजे हिशेब ठेवण्याची विद्या या डोंगराला नवी नाही.

या लेण्यापासून थोड्याच अंतरावर, घाटाच्या तोंडाशी, एक मोठा दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकली जाई, अशी परंपरेची समजूत आहे. त्या रांजणावर लेख नाही, चिन्ह नाही, नक्षी नाही. तरीही पाहणाऱ्याला जकातीची आठवण का होते? याचे एकच उत्तर आहे. तो जेथे आहे, तेथून गेल्याखेरीज बैलाला घाट उतरता येत नाही. हाच रांजण उचलून मुंबईतील एखाद्या बंगल्याच्या बागेत ठेवला, तर त्यात फार तर कमळे लावली जातील. दगड तोच राहील, परंतु त्याचा अर्थ घाटमाथ्यावरच राहून जाईल.

अर्थशास्त्रात किंमत आणि मूल्य यांतील भेद पहिल्याच धड्यात शिकविला जातो. जुन्या वस्तूंच्या बाबतीत त्यात तिसऱ्या गोष्टीची, म्हणजे जागेची भर घालावी लागते. वस्तूची किंमत बाजार ठरवितो, तिचे सौंदर्य रसिक ठरवितो, परंतु ती काय सांगते हे तिची जागा ठरविते. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाणयुगातील शेतकऱ्यांची शंभरावर घरे उघडी झाली. त्यांत पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार होते. कोठार म्हणजे शेवटी काय? जमिनीतला एक खड्डा आणि मातीचे काही गोल ओटे. पण ते वस्तीतील सर्वांत मोठ्या घराच्या शेजारी होते. तेवढ्यावरून अभ्यासकांना म्हणता आले की, हे घर गावप्रमुखाचे असावे आणि गावाचे धान्य त्याच्याकडे जमा होत असावे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या करपद्धतीचा हा पुरावा आहे. त्यात सोन्याचा कण नाही. आहे ते केवळ दोन बांधकामांतील अंतर.

याच्या उलट उदाहरण दायमाबादचे आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील या गावी प्रवरेच्या काठी १९७४ साली एका भिल्ल कष्टकऱ्याला झाडाचे मूळ खणताना तांब्याच्या चार ओतीव मूर्ती सापडल्या. बैल जोडलेला रथ आणि त्याचा सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोहून अधिक. भारतीय धातुकलेतील हे अनमोल धन भंगारात न जाता शासनापर्यंत पोहोचले, हे भाग्यच म्हणावे लागेल. परंतु त्या मूर्ती नेमक्या कोणत्या थरातून निघाल्या, हे पाहण्यास तेव्हा कोणी जाणकार उपस्थित नव्हता. परिणाम असा की, त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद झाले. काहींनी त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या उत्तर हडप्पा काळातील मानल्या. इतरांनी त्यांच्या धातूतील सोमलाच्या प्रमाणाकडे बोट दाखवून शंका घेतली, कारण त्या स्थळी मिळालेल्या तांब्याच्या अन्य वस्तूंशी ते जुळत नव्हते. पुढे त्याच ठिकाणी शास्त्रशुद्ध उत्खनने झाली, तरी हरवलेला क्षण परत मिळाला नाही. मूर्ती वाचल्या, पण त्यांची जन्मतारीख हरवली.

मराठवाड्यातील तेर हे प्राचीन तगर नगर. तेथील लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती बाहुली आहे. लामतुरे घराण्याने गावात मिळणाऱ्या वस्तू आपुलकीने जमविल्या, म्हणून ती आज पाहता येते. तिच्याशी साम्य असलेली भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली मिळाली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली ते नगर गाडले गेले, त्यामुळे ती मूर्ती त्यापूर्वीची हे निर्विवाद ठरते. तेरच्या बाहुलीचा काळ ठरविताना अभ्यासकांना या पाँपेईच्या मूर्तीचा आधार घ्यावा लागला. घरच्या लेकीचे वय परगावच्या दप्तरावरून काढावे, तसाच हा प्रकार.

आता कायदा काय म्हणतो ते पाहावे. जमिनीत सापडलेल्या धनाविषयीचा आपल्याकडील मूळ कायदा १८७८ सालचा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे, न कळविल्यास तो शिक्षेस पात्र होतो. वस्तू बेवारस ठरली, तर सामान्यतः तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्यास आणि एक चतुर्थांश जागामालकास. इथवर योजना न्याय्य दिसते. परंतु शासनाला ती वस्तू स्वतःकडे ठेवायची असेल, तर मोबदला कसा मोजायचा? ज्या पदार्थाची ती बनली आहे, त्या पदार्थाची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश.

या सूत्राचा हिशेब शाळेतील मुलालाही करता येईल. सोन्याच्या दागिन्याला सोन्याचा भाव आणि वर वीस टक्के मिळतील. सातवाहनांची पुष्कळशी नाणी शिशाची आहेत. त्यांना शिशाचा भाव मिळेल. मातीच्या भांड्याची किंमत मातीची, आणि शून्याचा एक पंचमांश शून्यच. ज्या खापरावरून वस्तीचा काळ ठरतो, ज्या जळक्या दाण्यावरून पीक कळते, त्यांची या कायद्याच्या तराजूत किंमत नाही. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा १९७६ पासून लागू झाला. त्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि मूर्ती, चित्रे, हस्तलिखिते यांसारख्या निवडक वस्तूंच्या नोंदणीची व्यवस्था केली. त्याचा रोख मुख्यतः व्यापाऱ्यावर आणि संग्राहकावर आहे. नांगर धरणाऱ्यावर नाही.

अशा स्थितीत उंबरमाळीच्या परिसरातील एखाद्या ठाकूर किंवा कातकरी मजुराच्या कुदळीला तांब्याचे भांडे लागले, तर त्याने काय करावे अशी अपेक्षा आहे? कळविले तर काम थांबेल, त्या दिवसाची मजुरी बुडेल, तालुक्याच्या खेपा पडतील आणि चोरीचा संशय येईल तो निराळाच. न कळविले तर भंगारवाला रोख पैसे देतो आणि प्रश्न विचारीत नाही. त्याने भंगारवाल्याकडे जावे यात नवल नाही. ज्या व्यवस्थेत प्रामाणिकपणाचा खर्च गरिबाने सोसायचा आणि लाभ विद्वानांनी घ्यायचा, ती व्यवस्था उपदेशाने चालत नसते.

इंग्लंडमध्ये १९९६ साली नवा कायदा झाला. तेथे मोबदला धातूच्या वजनावर ठरत नाही, बाजारभावाने ठरतो, आणि वस्तूची हेळसांड करणाऱ्याचा मोबदला कमी करता येतो. त्याला जोडूनच १९९७ पासून, कायद्याने कळविणे बंधनकारक नसलेल्या किरकोळ वस्तूंचीही स्वेच्छेने नोंद करण्याची योजना सुरू झाली. वस्तू सापडणाऱ्याकडेच राहते, नोंद मात्र सर्वांची होते. अशा नोंदी दहा लाखांच्या पलीकडे गेल्या आहेत. तेथील धातुशोधक यंत्रे घेऊन शेते धुंडाळण्याचा छंद आपल्याकडे आणण्याचे कारण नाही. पैशाच्या आशेने खणत सुटण्याचा धोका खराच आहे. म्हणून येथे बक्षीस वस्तूला न देता वर्दीला द्यावे. जो वस्तू न हलविता वेळेत कळवील, त्याला ठरावीक रक्कम आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी. मग निघालेले सोने असो की खापर असो. मोठ्या सार्वजनिक कामांच्या खर्चात यासाठी वेगळी तरतूद असावी. कोट्यवधींच्या रस्त्याला हा भार जाणवणारही नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. वस्तू गावातच राहिली तर चोरीस जाईल. त्यापेक्षा ती शहरातील संग्रहालयात सुरक्षित नव्हे काय? आक्षेप रास्त आहे, आणि मौल्यवान वस्तू हलवावी लागेल हेही मान्य केले पाहिजे. परंतु आग्रह आहे तो क्रमाचा. आधी नोंद, मग हलवाहलव. कोणत्या गटात, किती खोलीवर, कशाच्या शेजारी, कोणत्या दिवशी, या चार ओळी लिहून झाल्या आणि मोजपट्टी ठेवून छायाचित्र घेतले, की मग वस्तू मुंबईस गेली तरी तिचा पत्ता तिच्याबरोबर जातो.

हाच न्याय घरातील रोजच्या वस्तूंनाही लागू आहे. जाते, उखळ, मुसळ, धान्याची कणगी, पावसातले इरले, भात मोजण्याची पायली या वस्तू पाहता पाहता घरातून निघून चालल्या आहेत. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि पायली व्यवहारातून हळूहळू मागे पडली. पायलीचे माप सर्वत्र सारखे नव्हते. मुरबाडची पायली मुरबाडचा खंड सांगते. कुळाने किती भात घातले याचा हिशेब तिच्या पोटात आहे. तीच पायली शहरातील शोभेच्या वस्तूंच्या दुकानात गेली, की तिची किंमत वाढते आणि ती मुकी होते.

म्हणून गावनमुन्यांत बाविसाव्याची भर घालण्याची वेळ आली आहे. त्यासाठी नवे खाते नको, इमारत नको. ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याच्या, दप्तरात एक वही आणि दर वर्षी तिची एक प्रत पुरातत्त्व विभागाकडे, एवढे पुरेल. शासनाला हे सुचेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक शाळेत शिक्षक आहे आणि पाड्यापाड्यावरून चालत येणारी मुले आहेत. आपल्या वाटेवर कोणता कोरीव दगड आहे, आजीची पायली किती शेरांची, हे मुलांनी जागेसह लिहून आणावे आणि शिक्षकांनी ते जपून ठेवावे. कचेरीतील कारकुनाला तर सांगणे नकोच. नोंद नसलेली वस्तू अस्तित्वातच नसते, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक आहे?

नाणेघाटाच्या माथ्यावर दोन हजार वर्षांपूर्वी कोणी तरी गाईंची आणि नाण्यांची मोजदाद दगडावर कोरून ठेवली, म्हणून त्या काळाविषयी आज काही बोलता येते. त्याच घाटाखालच्या गावांतून आज जे मातीबाहेर येत आहे, ते निदान कागदावर तरी उतरावे, ही मागणी काही फार मोठी नव्हे.